जाहिरात आवडली, मत कुणाला दिलं?

मागच्या अंकात टीव्हीवरच्या निवडणूक जाहिरातींबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, मेल आणि व्हॉट्सॲपचा पाऊस पडला, म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. काहींनी मला एका पक्षाची ठरवलंय, काहींनी बरोबर उलट्या पक्षाची, म्हणजे बहुतेक ठीकच चाललंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त ठिकाण.

प्रश्न : ताई, २०१४ च्या विधानसभेची भाजपची ती 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा' जाहिरात आमच्या पुतण्याला तेव्हा पाठ होती, आणि तो तर बालवाडीत होता. भाऊ म्हणतो ती निवडणूक त्या एका जाहिरातीने फिरवली. मी म्हणतो काहीच्या काही. पैज लागलीय, निकाल द्या. (लालबाग)

उत्तर : पैज किती रुपयांची ते लिहिलं नाहीत, वडापावावर असेल तर दोघांनी अर्धा अर्धा खा. ती ओळ लोकांच्या तोंडात बसली हे खरंच, इतकी की नंतर सरकार कुणाचंही असो, खड्ड्याच्या फोटोखाली लोक तीच टाकतात. आणि भाजपला १२२ जागा मिळाल्या हेही खरं. पण त्या महिन्याभरात अजून काय काय झालं ते भावाला विचारा ना. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही तुटली, म्हणजे चार मोठे पक्ष एकमेकांसमोर. काँग्रेस राष्ट्रवादीचं सरकार पंधरा वर्षं जुनं झालेलं. मे महिन्यात लोकसभेची लाट येऊन गेलेली. आता यातनं जाहिरातीचा वाटा किती हे वेगळं काढून दाखवा म्हटलं तर कुणाच्याच बापाला जमणार नाही, कारण जाहिरात नसलेला महाराष्ट्र कुठे होता तुलना करायला?

आणि भाऊ म्हणतो तसंच असेल तर मग २००४ चं काय करायचं? इंडिया शायनिंग, म्हणजे वाजपेयी सरकारची 'देश चमकतोय' सांगणारी मोहीम. सरकारी पैशाने सुरू झालेली, टीव्हीवर दिवसरात्र, चकचकीत, आणि तेव्हा लोअर परळपासून नरिमन पॉइंटपर्यंतच्या एजन्सीतली माणसं तिच्याबद्दल कौतुकानेच बोलायची. समोरून काँग्रेसने विचारलं, आम आदमी को क्या मिला. निकाल आला तेव्हा काँग्रेस १४५ आणि भाजप १३८, आणि आपल्या मुंबईत सहापैकी पाच जागा काँग्रेसच्या, उत्तर मुंबईत भाजपचे राम नाईक चक्क गोविंदाकडून हरले. तेव्हापासून प्रत्येक जण छाती ठोकून सांगतो की इंडिया शायनिंगने भाजपला बुडवलं. तेही मला पटत नाही हो. तामिळनाडूत द्रमुकची आघाडी काँग्रेसबरोबर गेली आणि तिकडच्या सगळ्या ३९ जागा घेऊन गेली, आंध्रात चंद्राबाबूंचा धुव्वा उडाला, हे काय जाहिरातीमुळे? जिंकलेल्याची जाहिरात भारी आणि हरलेल्याची फालतू, हे निकालाच्या दिवशी दुपारी ठरतं, आणि मग त्यावर पुरस्कार आणि भाषणं.

सगळ्यात मजेशीर उदाहरण २०१९ च्या लोकसभेचं. राज ठाकरेंचं 'लाव रे तो व्हिडिओ'. ती पक्षाची जाहिरात नव्हती, सभाच होत्या, पण चॅनलवाले शेवटपर्यंत लाइव्ह दाखवायचे, म्हणजे टीव्हीवर फुकटात तास तास मिळाले, एवढा वेळ विकत घ्यायला गेलं असतं तर पक्ष गहाण पडला असता. लोक जेवणाची ताटं घेऊन बघत होते. मनसे स्वतः एकही जागा लढवत नव्हती, रोख सगळा मोदी-शहांवर. निकाल? राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-सेनेला. बघणारे खोटं हसत होते असं नाही, खरंच हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मत ज्याला द्यायचं त्यालाच दिलं. आवडणं वेगळं, लक्षात राहणं वेगळं, पटणं वेगळं आणि बटण दाबताना हात दुसरीकडे जाणं तर फारच वेगळं. पैज तुम्ही जिंकलात, पण अर्धीच, कारण 'काहीच परिणाम झाला नाही' हे तुम्हालाही सिद्ध करता येणार नाहीये.

प्रश्न : निवडणूक आली की सह्याद्रीवर नेते खुर्चीत बसून कागद वाचतात. ना म्युझिक, ना फोटो. हे कोण बघतं आणि कशाला चालू ठेवलंय? पैसे आपलेच ना? (मुलुंड)

उत्तर : तुम्ही बघितलंत ना, म्हणजे एक तरी प्रेक्षक आहे! चेष्टा सोडा, पण त्या कंटाळवाण्या कार्यक्रमाबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचंय.

रेडिओवर मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ द्यायची पद्धत १९७७ पासूनची, दूरदर्शनची आत्ताची योजना १९९८ ची, २००३ मध्ये तिला कायद्याचा आधार दिला. विधानसभेला प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला आधी सारखी ४५ मिनिटं, मोठा असो की छोटा, आणि त्यावरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या हिशोबाने. एका वेळी १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. कुणाला कुठला दिवस आणि कुठली वेळ हे चिठ्ठ्या टाकून. आधी कागदी कूपनं द्यायचे, आता ती डिजिटल झालीत. भाषण आधी लिहून पाठवायचं, कुणा व्यक्तीचं नाव घेऊन टीका करायची नाही, धर्म-जातीवर, कोर्टावर, राष्ट्रपतींवर बोलायचं नाही. एवढं सगळं गाळून झाल्यावर जे उरतं ते चविष्ट कसं लागणार? २०२४ मध्ये माकपच्या सीताराम येचुरींच्या भाषणातून 'जातीयवादी हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द काढायला लावले, 'दिवाळखोरी'च्या जागी 'अपयश' घाला म्हणाले. आणि गंमत म्हणजे त्याच भाषणाच्या हिंदी कॉपीवर कुणी काही बोललं नाही. म्हणजे वरळीत काय किंवा दिल्लीत काय, तपासणारा माणूस कोण बसलाय त्यावर बरंच असतं.

आता परिणाम. मोठ्या पक्षाला त्या १५ मिनिटांनी काडीचा फरक पडत नाही, त्यांचा माणूस एरवी चोवीस तास टीव्हीवर असतोच. छोट्या पक्षाला मात्र तेवढंच मिळतं. चिलीत १९८८ मध्ये हुकूमशहा पिनोशेला अजून आठ वर्षं हवा की नको यावर सार्वमत घेतलं, विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री उशिरा १५ मिनिटं दिली आणि तेवढीच सरकारी बाजूलाही. वर्षानुवर्षं टीव्हीवर तोंड न दिसलेली माणसं २७ रात्री अचानक दिसायला लागली, तीही रडगाणं न गाता, हसत, गाणी म्हणत, इंद्रधनुष्याचं चिन्ह घेऊन. सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. जाहिरातवाले हे उदाहरण जगभर सांगत फिरतात. त्याआधी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लाखो लोकांची मतदार म्हणून नोंदणी करून घेतली होती, तेवढं मात्र सांगायला विसरतात.

उलटं उदाहरण ब्राझीलचं. तिथे फुकट वेळ संसदेतल्या ताकदीवर वाटतात. २०१८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आल्कमिन नावाच्या उमेदवाराला एका स्लॉटमध्ये पाच मिनिटांहून जास्त वेळ होता आणि बोल्सोनारोला ८ सेकंद. आठ सेकंदात आपल्याकडे नमस्कारसुद्धा पुरा होत नाही. आल्कमिनला पाच टक्केही मतं पडली नाहीत, बोल्सोनारो निवडून आले. लगेच सगळे म्हणाले टीव्ही मेला, व्हॉट्सॲप जिंकलं. अहो पण मध्ये प्रचारात बोल्सोनारोंवर चाकूहल्ला झाला होता, त्यानंतर ते दिवसभर बातम्यांमध्येच होते! ८ सेकंद जाहिरातीचे, बाकी वेळ बातमीचा. टीव्ही मेला नव्हता, उलट फुकटात राबत होता.

प्रश्न : ज्या जाहिरातीच्या वेळी टीआरपी जास्त ती प्रभावी, एवढं साधं आहे की. उगाच गोल गोल का फिरवता? (अंधेरी पूर्व)

उत्तर : टीआरपी सांगतो की त्या वेळी किती सेट त्या चॅनलवर होते. बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था पन्नास हजारांच्या वर घरांत मीटर लावून ते मोजते. ब्रेक लागला की तुमच्या घरी काय होतं ते आठवा : एक जण म्यूट करतो, एक जण कुकरकडे जातो, तिसरा मोबाइल काढतो, आणि मीटरच्या दृष्टीने तिघंही जाहिरात बघतायत. शिवाय न्यूज चॅनलच्या आकड्यांवरनं २०२० मध्ये आपल्याच मुंबई पोलिसांनी केस केली, मग ते आकडे २०२२ च्या मार्चपर्यंत बंदच होते, आणि सुरू झाले तेही चार आठवड्यांची सरासरी काढून. साबण विकायला हरकत नाही, पण मतं मोजायला ही काठी नको.

प्रश्न : मशाल गीतातले 'हिंदू' आणि 'जय भवानी' हे शब्द काढा म्हणून आयोगाने नोटीस दिली तेव्हा आमच्या सोसायटीत ज्यांनी ते गाणं ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं. ही पण एक जाहिरातच झाली ना? (दहिसर)

उत्तर : झालीच की, आणि बिल शून्य. टीव्हीवर राजकीय जाहिरात दाखवायच्या आधी सर्टिफिकेट घ्यावं लागतं, २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून. त्याच्या आधी तर केबलवर राजकीय जाहिरातीला बंदीच होती. उद्धव ठाकरेंनी एप्रिल २०२४ मध्ये शब्द काढणार नाही म्हणून सांगितलं आणि दोन दिवस सगळे चॅनल तेच. पण 'ऐकलं' आणि 'मत बदललं' यात तुमच्या सोसायटीतले कितीजण बसतात? ज्याला राग आला तो आधीच त्यांचा होता, ज्याला हसू आलं तो आधीच समोरचा. कार्यकर्त्याला मात्र चेव चढतो, तो दुसऱ्या दिवशी दोन बिल्डिंगा जास्त फिरतो, आणि माझं तर मत आहे की पक्षाच्या जाहिराती खरं म्हणजे स्वतःच्याच माणसांसाठी असतात. हे कुठल्याच सर्व्हेत नीट पकडता येत नाही.

प्रश्न : परदेशात म्हणे फार क्लासी जाहिराती असतात. आपल्याकडे नुसती आरडाओरड. (विलेपार्ले)

उत्तर : पार्ल्याहून हा प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. ब्रिटनमध्ये टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करताच येत नाही, पक्षांना ठरावीक फुकट वेळ मिळतो. १९८७ मध्ये लेबर पार्टीने नेते नील किनॉक यांच्यावर एक फिल्म केली, ह्यू हडसन या नावाजलेल्या सिनेदिग्दर्शकाकडून. समुद्रकिनारा, बायकोबरोबर फिरणं, लहानपणच्या गोष्टी, एकदम क्लासी. लोकांना इतकी आवडली की पक्षाने परत दाखवली, किनॉकची लोकप्रियता वाढली, आणि थॅचरबाई १०२ च्या बहुमताने तिसऱ्यांदा निवडून आल्या. पुढच्या निवडणुकीत, १९९२ ला, त्याच पक्षाने कानाच्या ऑपरेशनसाठी ताटकळणाऱ्या मुलीची गोष्ट दाखवली. मुद्दा सरकारी दवाखान्यांचा, चांगला होता. पण ही मुलगी खरी कोण, तिचं नाव पेपरला फोडलं कुणी, यावरच सगळी भांडणं झाली आणि दवाखाने राहिले बाजूला. क्लासी असून हरले, पुरे?

प्रश्न : मॅडम, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 'निवडणूक जाहिरातींची परिणामकारकता' घेतलंय. गूगल फॉर्म बनवून १०० लोकांना 'जाहिरात आवडली का, तुमच्या मतावर परिणाम झाला का' असं विचारणार आहे. चालेल का? (दादर)

उत्तर : नाही चालणार, आणि बरं झालं आधी विचारलंस. 'तुमच्यावर परिणाम झाला का' हा प्रश्न विचारला की शंभरातले नव्वद नाही म्हणतील, आणि लगेच पुढे म्हणतील, 'माझ्यावर नाही हो, पण आमच्या कामवाल्या मावशींवर होतो.' मावशींना विचार, त्या आपल्या मॅडमचं नाव घेतील. म्हणून माणसाला त्याच्या स्वतःच्या मताचं कारण विचारायचंच नाही.

मग करायचं काय, तर तुलना. टेक्सासमध्ये २००६ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत रिक पेरी यांच्या प्रचारवाल्यांनी काही प्राध्यापकांना मुभा दिली होती की कुठल्या भागात टीव्हीवर किती जाहिरात कधी लावायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवा. कुठला पक्ष ऐकेल सांग असं! रोज फोन करून लोकांचा कल विचारला. जाहिरात चालू होती तोवर पाठिंबा चांगलाच वाढलेला दिसला आणि आठवड्याभरात जवळजवळ सगळा ओसरला. म्हणजे परिणाम होतो, पण टिकत नाही, म्हणून तर शेवटच्या आठवड्यात टीव्ही लावला की त्याच चार जाहिराती आलटून पालटून दिसतात. अजून एक मोठा अभ्यास आहे, २०१६ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीचा, २०२० ला छापून आला : ५९ प्रयोग, ४९ जाहिराती, ३४ हजार लोक. जाहिरात आपल्या उमेदवाराची स्तुती करणारी असो की समोरच्याला झोडपणारी, मत देण्याच्या इराद्यात फरक पडला तो एक टक्क्याहूनही कमी. आता तू म्हणशील मग पक्ष एवढे कोटी का घालतात, वेडे आहेत का. नाहीत. २०२४ च्या लोकसभेला आपल्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, दोघांना साडेचार लाखांच्या वर मतं असताना. तिथे एक टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा पुरला असता, मग जाहिरात म्हण, पाऊस म्हण, बंद पडलेली लिफ्ट म्हण.

तुझ्या प्रोजेक्टला जमेल असं सांगते. ऐंशी एक माणसं गोळा कर, मैत्रिणीच नकोत, वेगवेगळ्या वयाची, चाळीतलीही आणि टॉवरमधलीही. आठवडाभर आधी दहा साधे प्रश्न विचारून घे, पाणी, लोकल, महागाई, त्यातच हळूच 'हे काम कुठला पक्ष नीट करेल असं वाटतं' हा प्रश्न. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाड. दोघांनाही मालिकेचा तोच दहा मिनिटांचा तुकडा दाखव, मध्ये ब्रेक टाक, एका गटाच्या ब्रेकमध्ये पक्षाची जाहिरात, दुसऱ्याच्या ब्रेकमध्ये बिस्किटाची. कशासाठी दाखवतेयस ते आत्ता सांगू नकोस, शेवटी सांग. त्याच संध्याकाळी प्रश्न परत विचार आणि आठ दिवसांनी पुन्हा एकदा, बहुतेक मुलं ही तिसरी फेरी गाळतात आणि खरी माहिती तिथेच असते. मत कुणाला हे तोंडी विचारू नकोस, शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. कोड नंबर घातलेली चिठ्ठी बंद डब्यात टाकायला सांग. आणि 'कुठल्या जाहिराती बघितल्यात' या यादीत एक न बनलेली, तू स्वतः रचलेली जाहिरात घाल. 'हो हो, बघितलीय, फार छान होती' म्हणणारे निघतातच, ते किती ते कळलं की बाकीच्यांच्या 'आठवतंय' वर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

विश्लेषण करताना ज्यांचा पक्ष आधीच पक्का आहे त्यांना वेगळं काढ आणि कुंपणावरच्यांकडे नीट बघ, ते पंधरा-वीसच असतील. ऐंशी माणसांत फार मोठा, पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक असेल तरच खात्रीने दिसेल, एक-दोन टक्के दिसायला हजारो माणसं लागतात, ते रिपोर्टमध्ये सरळ लिहून टाक, एक्स्टर्नलने विचारायच्या आधी. आणि २०२४ च्या विधानसभेचे निकाल घेऊन अमुक जाहिरातीने महायुतीला जिंकवलं असलं काही लिहू नकोस, कारण त्याच महिन्यांत लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याचे १५०० रुपये जमा होत होते. जाहिरात बघून मत दिलं की बँकेचा मेसेज बघून, हे कोण कसं वेगळं करणार?

एक राहिलंच. हे सगळं निवडणुकीच्या काळात करणार असशील तर तारीख बघून कर. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात टीव्हीवर किंवा तसल्या कुठल्याही साधनावर प्रचाराचा मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ची बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पक्षाची जाहिरात दाखवणाऱ्या मुलीचं प्रोजेक्ट आहे हे भरारी पथकाला पटवत बसावं लागेल. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी उरकून घे. हॉलसाठी सेक्रेटरीचं पत्र लेखी घे.